‘इंग’ लागलेला भूतकाळ

रविवारच्या वर्गाला तो सगळ्यांच्या आधी येतो. त्या दिवशी आला तो काखेत जाड कागदांची गुंडाळी घेऊन. ती टेबलावर पसरून दोन्ही हातांनी सपाट करत म्हणाला, "मॅडम, हा तक्ता चुकीचा छापलाय. भूतकाळात मध्येच ‘इंग’ आलाय."

तक्ता स्पॅनिश क्रियापदाचा होता, ब्रेलमधला, ओळखीच्या कुणीतरी स्पेनहून आणून दिलेला. क्रियापद ‘आब्लार’, म्हणजे बोलणे. मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आणि जवळजवळ प्रत्येक बॅचची सुरुवात याच क्रियापदाने करते, कारण ते अगदी सरळ आहे. शेवटचा ‘आर’ काढायचा, उरलेल्या ‘आब्ल’ला प्रत्यय लावायचे. धातू कुठेही बदलत नाही. सरळ असलं तरी पसारा मोठा आहे. स्पॅनिश अकादमीच्या मांडणीत इंडिकेटिव्हचे (नुसतं घडणं सांगणाऱ्या रूपांचे) 10 काळ, सबजंक्टिव्हचे (इच्छा, शंका दाखवणाऱ्या रूपांचे) 6 आणि एक आज्ञार्थ, असे 17 होतात, आणि आज्ञार्थ सोडला तर प्रत्येकात सहा-सहा रूपं: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. डोळस विद्यार्थी हे सगळं दोन पानांच्या तक्त्यात बघतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे नजर फिरवतो, आणि त्याला वाटतं आपल्याला कळलं.

याला तसं करता येत नव्हतं. तो जन्मापासून अंध आहे (हाच शब्द वापरा, असं त्यानेच सांगितलंय), बँकेत नोकरी करतो आणि फुटबॉलच्या स्पॅनिश कॉमेंट्रीच्या ओढीने भाषेकडे वळला. कॉम्प्युटरवर तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. तक्ता उघडला की ते प्रत्येक शब्दामागे ‘ओळ तीन, रकाना दोन’ असं बोलत राहतं. आवाज इंग्रजीवरच राहिला असेल तर स्पॅनिशमध्ये मुका असलेला एच उच्चारून ‘हॅब्लो’ म्हणतं. म्हणून त्याला कागदावरचा तक्ता हवा होता. तो मिळाला, तर त्यात हा ‘इंग’.

मला ब्रेल वाचता येत नाही. मी म्हटलं, "तू अक्षर अक्षर वाच, मी फळ्यावर लिहिते."

तो वाचू लागला. भूतकाळाच्या रकान्यात पहिलंच रूप: एच, ए, बी, एल, आणि मग ‘द’. ‘द’ म्हणजे इंग्रजी ब्रेलमध्ये तो अख्खा शब्द ज्या एका खुणेने लिहितात, ती खूण. तिसरं रूप: एच, ए, बी, एल, ‘इंग’. भविष्यकाळात पहिल्या रूपाला पुन्हा ‘द’, तिसऱ्याला ‘ऑफ’. कंडिशनलच्या, म्हणजे जर-तरच्या सगळ्या रूपांमध्ये ‘एसटी’. "बघा ना," तो म्हणाला, "अर्ध्या तक्त्यात इंग्रजी मिसळलंय."

फळ्यावर मी त्या खुणांच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि त्या जागा बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. ‘द’ जिथे जिथे होता, तिथे तिथे स्पॅनिशमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ येतो (स्वरांची नावं इथून पुढे स्पॅनिश उच्चाराने). ‘इंग’च्या जागी रेघेचा ‘ओ’, ‘ऑफ’च्या जागी रेघेचा ‘आ’, ‘एसटी’च्या जागी रेघेचा ‘ई’. एकही जागा चुकली नव्हती. ब्रेलमध्ये सहा टिंबं, त्यांच्या खुणा 63. प्रत्येक भाषा त्याच खुणा आपापल्या गरजेला जुंपते. इंग्रजीने काही खुणा नेहमीच्या शब्दांना आणि अक्षरसमूहांना दिल्या, स्पॅनिशने त्याच खुणा आघाताच्या, म्हणजे जोर देऊन म्हणायच्या, रेघेच्या स्वरांना दिल्या. तक्ता बिनचूक होता.

त्याला हे सांगितल्यावर तो काही बोलला नाही. बोटं पुन्हा पहिल्या ओळीवर नेली आणि सगळा कागद नव्याने वाचून काढला. मग म्हणाला, "म्हणजे जोर कुठे द्यायचा ते यात लिहिलंय?"

तोवर बाकीची मंडळी आली होती. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलेल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्या दिवशी मी दुसरा धडा घेणार होते. तो बाजूला ठेवला आणि सगळ्यांना वह्या मिटायला सांगितल्या.

मराठीत आघात बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपले विद्यार्थी स्पॅनिश शब्दावरची ती रेघ शोभेची समजतात. वाचताना डोळे तिला टाळतात, लिहिताना हात विसरतो. पण आब्लारमध्ये ती काढून टाका, की क्रियापद कोसळतं. जोर दाखवायला मी इथे ऽ वापरते. ‘आऽब्लो’ म्हणजे मी बोलतो. ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. माणूस बदलला, काळ बदलला, अक्षरं तीच. ‘आऽब्ले’ हे सबजंक्टिव्ह, त्याने बोलावं. ‘आब्लेऽ’ म्हणजे मी बोललो. ‘आब्लाऽरा’ म्हणजे तो बोलत असता तर. ‘आब्लाराऽ’ म्हणजे तो बोलेल. घडणार आहे असं सांगणारं वाक्य आणि घडत नाहीये असं सांगणारं वाक्य, यांत फरक केवळ जोर कुठल्या अक्षरावर पडतो त्याचा.

नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर. याविरुद्ध जे जाईल त्याच्यावर रेघ. म्हणजे त्याच्या बोटाला जिथे ‘द’ किंवा ‘इंग’ लागत होता, तिथे नियम मोडून जोर पुढे सरकत होता. आम्ही टेबलावर बोटांच्या पेरांनी ताल धरला. वर्तमानकाळात एकवचनाच्या तिन्ही रूपांत आणि शेवटच्या ‘आऽब्लान’मध्ये जोर धातूवर, ‘आम्ही’ आणि स्पेनमधल्या ‘तुम्ही’च्या रूपात तो प्रत्ययावर घसरतो. भूतकाळात आणि अपूर्ण भूतात धातूवर कधीच नाही: आब्लेऽ, आब्लाऽस्ते, आब्लोऽ, आब्लाऽबा, आब्लाऽबामोस. तो सगळ्यांत पुढे होता. लोक म्हणतात अंधांचे कान देवाने तीक्ष्ण केलेले असतात. त्याला हे बोलणं मुळीच आवडत नाही आणि मलाही ते खरं वाटत नाही. दिवसभर स्क्रीन रीडरचा भरधाव आवाज ऐकून काम करायची त्याने सवय केलीय. ती मेहनत आहे.

भविष्यकाळाशी तो थबकला. "इथे आब्लार अख्खं आहे," म्हणाला, "आर काढलेलाच नाही. पुढे नुसती शेपटी आहे."

इतक्या वर्षांत हे स्वतःहून कुणी मला विचारलं नव्हतं, कारण नजर सरळ प्रत्ययावर जाऊन थांबते. बोट पूर्ण शब्दावरून जातं, म्हणून त्याला अख्खा आब्लार लागला. त्या शेपट्या म्हणजे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं आहेत: ए, आस, आ, एमोस, आन. आब्लार आणि ए मिळून आब्लारेऽ, म्हणजे मूळचं ‘मला बोलायचं आहे’. अंतोन्यो दे नेब्रीखाने 1492 साली कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण छापलं, त्यातही भविष्यकाळाची हीच फोड दिलेली आहे. जोर शेपटीवर का पडतो, तेही यातच आलं: ती एकेकाळी स्वतंत्र शब्द होती, तिने आपला जोर सोबत आणला.

सबजंक्टिव्ह आला तेव्हा मी नेहमीसारखं इच्छा, शंका, भावना असं सांगायला लागले. ‘क्येऽरो के आऽब्लेस’ फळ्यावर लिहिलं, तू बोलावंस असं मला वाटतं. बाईंनी मला तिथेच थांबवलं. "अगं, हा विध्यर्थ आहे. बोलावंस. तुझा तो ‘स’सुद्धा आहे आमच्याकडे. आणि ‘पाऊस पडो’, ‘देव तुझं भलं करो’, हे काय वेगळं आहे?" मग त्यांनी वर्गाकडून म्हणवूनच घेतलं: मी बोलावं, तू बोलावंस, त्याने बोलावं. मुलं हसत हसत म्हणत होती आणि समोर आऽब्ले, आऽब्लेस, आऽब्ले बसत होतं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला या रूपाची गरजच पटत नाही, त्याच्यासाठी ते पाठांतर होतं. मराठी माणसाच्या तोंडात ते आधीपासून आहे. मराठीतून स्पॅनिश शिकवायला हवं, असं मी जिथे तिथे सांगत फिरते ते यासाठीच. ‘आर’वाल्या क्रियापदांना इथे ‘ए’ लागतो आणि बाकीच्यांना ‘आ’. गोव्याच्या कार्निव्हलमधलं ‘विवा’ पोर्तुगीज आहे, पण घडण हीच: जगो, चिरायू होवो.

जोडी सगळीकडे जुळत नाही, आणि ते सांगणंही भाग होतं. ‘त्याच्याशी बोलशील तेव्हा’ यात मराठी साधा भविष्यकाळ वापरते, स्पॅनिश मात्र ‘क्वाऽन्दो आऽब्लेस’ असं सबजंक्टिव्ह मागते, कारण ते बोलणं अजून झालेलं नाही. ‘बोलत असतो तर गेलो असतो’ यात आपण दोन्हीकडे ‘असतो’ म्हणून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये ‘तर’च्या अलीकडे ‘आब्लाऽरा’ आणि पलीकडे ‘-रीआ’चं, म्हणजे कंडिशनलचं रूप. प्रमाण भाषेत ‘सी आब्लारीऽआ’ म्हटलं की चूक. या ‘आब्लाऽरा’ला ‘आब्लाऽसे’ असं जुळं रूप आहे. लॅटिन अमेरिकेत ‘रा’चंच चलन जास्त.

तक्त्याच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता, जो मी वर्गात सहसा ओलांडून जाते. भविष्यकाळी सबजंक्टिव्ह: आब्लाऽरे. बोलण्यातून तो गेला. त्याने विचारलं, "आब्लारेऽ आणि आब्लाऽरे, यातलं दुसरं कुठे ऐकू येतं?" मी कागदपत्रांच्या भाषांतराचीही कामं करते, म्हणून उत्तर हाताशी होतं: कायद्यात. स्पेनच्या 1995 च्या दंडसंहितेत 138व्या कलमाची सुरुवात आहे ‘एल के माताऽरे आ ओऽत्रो’, जो कोणी दुसऱ्याला ठार मारील तो. ‘मातार’ हे आब्लारसारखंच सरळ क्रियापद. शिक्षा 10 ते 15 वर्षं. तिथे जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘माताऽरे’चं ‘मातारेऽ’ होतं, म्हणजे ‘मी ठार मारीन’. वर्गात एकदम गलका झाला. त्याने टेबलावर दोन्ही ताल वाजवून दाखवले, आणि मग प्रत्येकाकडून म्हणवून घेतले. तेवढा वेळ वर्ग त्यानेच चालवला. मी फळ्याशी उभी राहून ऐकत होते. एका कॉलेजच्या मुलीचा जोर सारखा चुकीच्या जागी पडत होता. त्याने तिला आधी शब्द न म्हणता नुसता ताल धरायला लावला, मग शब्द. तिला जमलं. मी पुढच्या बॅचपासून हाच क्रम ठेवणार आहे: आधी ताल, मग रूप, आणि तक्ता सगळ्यांत शेवटी.

अर्जेंटिनाचं मी शेवटी ओझरतं सांगितलं, कारण त्याची बरीच कॉमेंट्री तिकडची असते. तिथे ‘तू’ला ‘बोस’ म्हणतात, आणि आज्ञार्थ ‘आऽब्ला’ न होता ‘आब्लाऽ’ होतो. "तरीच!" तो म्हणाला. कित्येक दिवस ते त्याला खटकत होतं म्हणे.

मग त्याचा शेवटचा प्रश्न आला. "मॅडम, आब्लाऽमोस. आम्ही बोलतो आणि आम्ही बोललो, दोन्हीकडे एकच आहे. बोटालाही सारखं, कानालाही सारखं. मग कळतं कसं?"

रूपावरून कळत नाहीच. ‘आयेऽर’ म्हणजे काल असं कुणी म्हटलं तर भूतकाळ, नाहीतर मागचंपुढचं वाक्य धरून ठरवायचं. स्पेनमधला माणूसही तेच करतो. ‘कोमेर’मध्ये (खाणे) मात्र ‘कोमेऽमोस’ आणि ‘कोमीऽमोस’ वेगळे पडतात, आणि ‘बिबीर’मध्ये (जगणे) पुन्हा एकच ‘बिबीऽमोस’. बाईंनी मिटलेली वही उघडून तिन्ही लिहून घेतली. पुढच्या रविवारी कोमेर घ्यायचं ठरलं, आणि त्याचा ब्रेल तक्ता तो स्वतः बनवून आणणार आहे, स्पॅनिश खुणांचा.