पाच फूट एक इंच उंची आणि कॅमेऱ्याची बॅग

बँकेतल्या माणसाला महिन्यातले दोन शनिवार मिळतात, दुसरा आणि चौथा. त्यातला एक मी पुण्याच्या पेठांमध्ये फिरायला ठेवलाय. वनाजला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायची, कसबा पेठेला उतरायचं आणि पुढे पाय नेतील तिकडे. गळ्यात जुना निकॉन डी 7200 कॅमेरा. तो 2016 मध्ये घेतला, अजून ठणठणीत आहे आणि मला तो बदलायचा नाही. बदलायची होती ती बॅग. ते ठरलं तांबट आळीत.

एका दारात एक काका बंबाच्या पाठीवर मठारकाम करत बसले होते. तांब्यावर हातोडीचा ठोका पडतो, वाटाण्याएवढी खळी उठते, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. कोवळं ऊन दारातून तिरकं आत येत होतं आणि प्रत्येक खळीत एकेक ठिणगी असल्यासारखी चमकत होती. मी पाठीवरची सॅक उतरवली. छातीवरचं बक्कल, कमरेवरचं बक्कल. रस्ता ओला, म्हणून सॅक गुडघ्यावर घेतली. बाहेरची चेन, आतलं झाकण, झाकणाखाली कॅमेरा, कॅमेऱ्यावर लेन्सचं टोपण. मान वर केली तर काका हातोडी ठेवून उठत होते. म्हणाले, "चहा पिऊन येतो ताई, तोवर उघडून ठेवा."

घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसतच सुटला.

तसं पाहिलं तर ती सॅक वाईट नाही. सह्याद्रीत जायला म्हणून घेतली होती आणि तिथं ती चोख काम करते, कारण कमरेचा पट्टा आवळला की वजन खांद्यावरून उतरून कमरेवर बसतं आणि कॅमेरा दर पाच मिनिटांनी काढायचा नसतो. शहरात सगळं उलटं. तुळशीबागेत मी वळले की मागे कुणीतरी "अहो बाई, बॅग!" म्हणून ओरडायचं. पीएमपीच्या बसमध्ये ती पोटावर घेऊन उभं राहिलं की लोक उठून जागा देत, आणि कशासाठी देत हे कळल्यावर मला बसवेना. त्याच्याही आधीची बॅग कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली. तिच्यावर कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की गर्दीत चोराला शोधावंच लागू नये.

त्यात डाव्या खांद्यात कळ यायला लागली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती उचलता?" मी म्हटलं, असेल दोनेक किलो. "मोजून या." घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. कॅमेरा बॅटरीसकट 765 ग्रॅम, 18-140 ची लेन्स 490, 50 ची छोटी 185, आणि लांबचं जवळ आणणारी 70-300 ची एकटीच 745 (लेन्सच्या नावातले आकडे मिलिमीटरमधले; जेवढे मोठे, तेवढं लांबचं जवळ दिसतं). हे झाले सव्वादोन किलोच्या आतबाहेर. मग रिकामी सॅक दीड किलो, पाण्याची स्टीलची बाटली भरून सव्वा किलो, छत्री, पर्स, किल्ल्या. सगळी मिळून सॅक रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगली, साडेपाच किलो भरली. रद्दीवाला म्हणाला, "ताई, काय विकायचंय?"

बाईंनी सांगितलं की एका खांद्यावर नुसती लटकवायची नाही, आडवी घालायची, खांदा अधूनमधून बदलायचा आणि आधी वजन कमी करायचं. शेवटची सूचना सगळ्यात जड गेली. 70-300 घरी ठेवायला मला तीन आठवडे लागले. पण वर्षभराचे फोटो चाळून बघितले तर पेठांमधले फक्त अकरा तिच्यातून काढलेले, आणि त्यातले सात शनिवारवाड्यावरच्या एकाच घारीचे.

आता बॅग. एका खांद्यावरून आडवी जाणारी, पाठीवरून सर्रकन पुढे ओढता येणारी. दुकानदार तिला स्लिंग म्हणतात. इथं सगळे आकडे लिटरमध्ये सांगतात, आणि लिटर हे दुधाचं माप आहे, कॅमेऱ्याचं नाही. सहा लिटरची एक बॅग ऑनलाइन मागवली. कॅमेरा लेन्स लावून आत जाईना. लेन्स काढली तर दोन्ही सुखानं झोपले, पण मग रस्त्यात दरवेळी लेन्स जोडत बसायची का? परत पाठवली. त्यानंतर पट्टी घेऊन कॅमेराच मोजला. लेन्ससकट पुढून मागे सुमारे 17 सेंटिमीटर, रुंदी साडेतेरा, उंची अकराच्या आत. मुलीच्या बुटांचं खोकं कापून त्याच मापाचा डबा केला, शेजारी 50 च्या लेन्ससाठी एक कप्पा ठेवला आणि वर बोटं जातील एवढी जागा सोडली. जाहिरातीत आतली मापं दिली असतील तरच पुढे वाचायचं, नाहीतर पान बंद. बाहेरच्या मापावर जाऊ नका, फोमच दोन्ही बाजूंनी मिळून दोन-अडीच सेंटिमीटर खातो.

खोकं आणि कॅमेरा दोन्ही घेऊन मी एका दुकानात गेले. दुकानदारानं आधी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुकानातल्या बॅगांमध्ये कागदाचे बोळे भरलेले असतात, त्यामुळे खांद्यावर घातली की कुठलीही बॅग पिसासारखी वाटते. मी बोळे काढून माझं सामान भरलं आणि चढउतार करून बघायला म्हणून विचारलं, जिना कुठे आहे?

पहिली बॅग दिसायला देखणी, कॅनव्हासची, कव्हर वरून खाली येणारी, थेट आपल्या शबनमच्या घराण्यातली. पण चालताना दर पावलाला मांडीवर आपटायची. आणि कव्हर वेल्क्रोचं. उघडलं की असा खर्रर आवाज, की दुकानातले दोघं वळून बघायला लागले. वाड्याच्या चौकात कुणी आजी ऊन खात डोळे मिटून बसल्यात आणि मी हा आवाज करतेय, हे डोळ्यांसमोर आलं. बाद.

दुसरी दहा लिटरची. तिच्यात सगळं मावत होतं, आणि हाच तिचा दोष. जागा दिसली की मी 70-300 भरणार. स्वतःला ओळखून असावं.

तिसरी सात लिटरची, करडी, बाहेर नाव जवळजवळ दिसत नाही. चेन वर, आणि ती माझ्यापासून लांबच्या काठाला न लावता जवळच्या काठाला लावलेली. हे कागदावर क्षुल्लक वाटेल. बॅग छातीवर ओढून घेतली की झाकण बाहेरच्या बाजूला उघडतं आणि हात सरळ आत जातो. उलटं असलं की झाकण आपल्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये फडफडत राहतं. एका हातानं उघडते का पाहिलं, उघडते. मग वाकून बघितलं, कारण पेठेत मी निम्मा वेळ वाकलेली असते. बॅग पाठीवरून घसरून पुढे आली आणि काउंटरवर आपटली. तिथं तांब्याची घागर असती तर?

"पट्टा कमी करा मॅडम." केला. शेवटच्या टोकापर्यंत केला. तरी बॅग कमरेच्या खालीच. "सगळ्यांना बरोबर बसतो." सगळे म्हणजे पाच फूट आठ इंच, हे मला तिथं कळलं. खांद्यावरची जाड गादी पट्ट्याला शिवलेली होती, त्यामुळे पट्टा आखडला की ती खांद्यावर न राहता पार पाठीकडे जाऊन बसायची आणि मानेशी नुसता पट्ट्याचा काठ काचायचा. शिवाय आडवा पट्टा बायकांच्या छातीवरून कुठून जातो याचा विचार ही बॅग काढणाऱ्यानं केलेला नव्हता. तो वर मानेकडे सरकायला बघत होता आणि ओढणी सोबत नेत होता.

बाकी सगळं मनासारखं होतं. 3,200 रुपये देऊन घेतली आणि तशीच आमच्या कोपऱ्यावरच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे गेले. आमच्याकडच्या दोन पिढ्यांच्या दप्तरांच्या चेना त्यांनी बसवल्यात. त्यांनी पट्टा बोटांत धरून चुरगाळला, उलटा केला, शिवण बघितली.

"नवी आहे हो ही."

"नवीच आहे. पण माझ्या मापाची नाही. ही गादी उसवून पुढे घ्यायची आणि पट्टा वीतभर कमी करायचा."

"कापला की परत वाढणार नाही. साहेब घालणार असतील तर?"

"साहेबांना मिळणार नाही."

मग त्यांनी मला बॅग घालून उभं केलं, शिंप्याकडे ब्लाउजचं माप देतात तसं, आणि खडूनं खांद्यावर पट्ट्याला खूण केली. वाकायला लावलं. वाकल्यावर बॅग पुढे येते म्हटल्यावर खाली बाजूला एक फासा शिवून दिला आणि त्यातून कमरेभोवती जाणारी अरुंद पट्टी, बक्कल लावलेली. वाकायचं असेल तेव्हा लावायची, नाहीतर मागच्या कप्प्यात कोंबायची. 150 रुपये घेतले. माझ्या मते बॅगेच्या किमतीतले तेच खरे वसूल झाले.

कापडाविषयी थोडं सांगते, कारण दुकानात "600 डी" असं काहीतरी ऐकवतात आणि आपण मान डोलावतो. हे डेनियर, म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा किती जाड ते त्यातून कळतं. पाणी अडेल की नाही ते कळत नाही. पाणी अडतं आतून दिलेल्या लेपानं, आणि शिरतं चेनमधून आणि शिवणीतून. जूनमधल्या पहिल्या सरीत लक्ष्मी रोडवर ते कळलं. तेव्हापासून रेनकव्हर सोबत असतं आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत राहत नाही. पूर्वी तो तिथंच राहायचा. 50 च्या लेन्समध्ये जाळ्यासारखी बुरशी दिसली तेव्हा ती साफ करायला बॅगेच्या निम्मे पैसे गेले होते. आता लेन्सा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि फोमचे कप्पे बाहेर काढून पंख्याखाली.

सगळं धरून पावणेतीन किलोच्या आत आलंय, अर्ध्या लिटरची बाटली धरून. ती बाटली बॅगेत नसते. ती कापडी पिशवीत, आणि पिशवी नवऱ्याकडे, कारण फिरणं झाल्यावर मिसळ खायला तो येतोच, मग जरा आधी यायला काय झालं.

खांदा अजून पूर्ण बरा नाही. बाई म्हणतात आठ वर्षांचं दुखणं आठ आठवड्यांत जात नाही. तांबट आळीतही दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा काका होते, बॅग चुटकीसरशी पुढे आली, कॅमेरा हातात आला, आणि आभाळ इतकं भरलेलं की दारात ऊन नावाला नव्हतं.

कापलेली वीतभर पट्टी दुरुस्तीवाल्यांनी गुंडाळून परत दिली होती. "ठेवा, लागेल कधीतरी." गच्चीची किल्ली सध्या तिला बांधलीय.