न आलेल्या वळवाचा पंचनामा

गारपिटीचा पंचनामा होतो. तलाठी येतो, कृषी सहायक येतो, बागेत उभं राहून फोटो निघतात, गट नंबर लिहून घेतला जातो. पुराचा होतो, वीज पडून दगावलेल्या म्हशीचा होतो. न आलेल्या वळवाचा पंचनामा करायला मात्र कुणी येत नाही. यावं तरी कशाला? नुकसानीच्या रकान्यात लिहिणार काय? ‘अर्जदार दुपारी चारपासून गच्चीवर उभे होते, सातला खाली आले, चहा मागितला, मिळाला नाही.’

तरी नुकसान व्हायचं ते होतंच. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत असले नुकसानग्रस्त वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. ओळखायला सोपे असतात. दुपारचे तीन वाजून गेले की बोलता बोलता त्यांची नजर पूर्वेला जाते. मोसमी पाऊस आमच्याकडं पश्चिमेकडून येतो, सह्याद्रीवर बराचसा रिकामा होऊन, उरलंसुरलं घेऊन. वळीव बहुतेक वेळा उलट्या बाजूनं येतो, जत-कवठेमहांकाळकडून. म्हणून मे महिन्यात मिरजेतल्या या जमातीचं तोंड दंडोबाच्या डोंगराकडं असतं, मांडवात अक्षता पडत असल्या तरी. एका साखरपुड्यात मी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला नुसतं म्हणालो, “फळी धरलीय.” फळी म्हणजे आभाळाच्या कडेला उभी राहिलेली ढगांची रांग. तो जिलबी ताटात तशीच ठेवून माझ्यामागं बाहेर आला. तेव्हापासून आमची ओळख आहे. त्याचं आडनाव मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

या माणसांना पाणी नको असतं, हे आधी सांगितलेलं बरं. पाणी जूनपासून मिळणारच आहे, आणि सांगलीला ते कधी कधी नको इतकं मिळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या पाण्याची कुणालाच हौस नाही. शिवाय मोसमी पाऊस लागला की दिवसच्या दिवस एकसारखा लागतो, त्यात बघण्यासारखं फार नसतं. वळवाचं सगळं कसं तासा-दोन तासांत. तो कुठून येणार, कसा येणार, येणार का, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. निदान घडायला हवं.

त्यासाठी सकाळ चिकट असावी लागते. नुसतं ऊन असून भागत नाही. ४१ अंशांचं कोरडं ऊन पडलं तर ढगाला लागणारी ओलच हवेत नसते. पारा ३८ वर पण बनियन पाठीला चिकटलेला, असा दिवस आम्हाला आशेचा वाटतो. घरातले ‘काय उकडतंय, काय उकडतंय’ करत असतात आणि आपण मनात म्हणतो, उकडू दे. अकरा-बाराला पांढरे पुंजके दिसायला लागतात. दोननंतर त्यातला एखादा डोकं वर काढतो. इथून पुढं बघायची ती ढगाची कड. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी ठसठशीत, रेखीव कड असेल तर तो अजून चढतोय. वरची कड पुसट व्हायला लागली, तिचे तंतू सुटल्यागत दिसले, की समजायचं माथ्यावर बर्फ धरलं. आता तो आडवा पसरणार, ऐरणीचा आकार घेणार. असा पोसलेला ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरसुद्धा नाही. कवठेमहांकाळवर एव्हरेस्टपेक्षा उंच काहीतरी उभं आहे आणि लोक खाली मान घालून रील बघताहेत, याचं मला खरंच नवल वाटतं.

पण बहुतेक दिवशी तो पोसतच नाही. जमिनीलगतची हवा तापते, ओलीही असते, वर जायला निघते. वर मात्र तापलेल्या कोरड्या हवेचा एक थर आडवा पसरलेला असतो. खालून निघालेली हवा आसपासच्या हवेपेक्षा गरम आहे तोवरच चढते. या थरापर्यंत जाता जाता ती निवते आणि तिथंच अडते. हवामानाच्या अभ्यासकांच्या भाषेत हे झाकण. ते अगदीच हलकं असलं तर दुपारपासूनच इकडंतिकडं किरकोळ ढग होतात आणि किरकोळच विरतात. घट्ट असलं तर वाफ दिवसभर खाली कोंडून राहते, आणि चारच्या सुमाराला एखाद्या जागी ते फुटलं तर मग बघायला नको. म्हणजे मोठ्या वादळाला झाकण लागतंच, फक्त ते वेळेवर सुटायला हवं. कधी कधी सुटतच नाही. पाचला पुंजके चपटे होतात, सहाला नाहीसे होतात, आणि सूर्य अगदी स्वच्छ आभाळात मावळतो. असल्या सूर्यास्ताचे लोक फोटो काढतात!

दुसरं कारण वारा. अरबी समुद्रावरून येणारे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प आणणारे वारे पठारावर जिथं समोरासमोर येतात तिथं उत्तर-दक्षिण अशी एक रेषा होते. बातम्यांत ‘वाऱ्यांची खंडितता’ म्हणतात ती हीच. ढग तिच्या आसपास वाढतात. ही रेषा आपल्या डोक्यावर आली तर चैन. सोलापूर-विजापूरकडं सरकली की आपल्या वाट्याला नुसता पश्चिमेचा वारा. कपडे वाळवायला उत्तम.

पूर्वी एवढं काही कळायचं नाही. आता सगळं हातात आहे आणि त्यानंच हाल वाढलेत. इन्सॅट उपग्रहाची चित्रं अर्ध्या-अर्ध्या तासानं येतात. विंडी या हवामानाच्या ॲपवर उद्या संध्याकाळी सहाला मिरजेवर जांभळा डाग दाखवलेला असतो. रात्री बघावं तर तो इस्लामपूरला गेलेला. सकाळी उठून बघावं तर डागच नाही. रडार बघावं म्हटलं, तर गोव्याचं रडार पावणेदोनशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री, वर पृथ्वीची गोलाई. इतक्या लांबून त्याला आमच्या ढगाचा वरचाच भाग दिसतो. इथं साताऱ्याकडच्यांचा हेवा वाटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं महाबळेश्वरला २०१२ साली ढगांची प्रयोगशाळा काढली आणि वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवलं. त्यांच्या ढगाकडं निदान शिकलेली माणसं बघताहेत.

आणि मग यलो अलर्ट. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे.’ हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे पाऊस मोजायच्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त चारात एक. आटपाडीत पडला तरी सांगली जिल्ह्याचा अंदाज बरोबर. तक्रारीलाही जागा ठेवलेली नाही.

कोरडा दिवस एकवेळ परवडला. खरा वाईट दिवस म्हणजे सगळं होतं आणि पाऊस तेवढा होत नाही. पाच वाजता दंडोबाच्या मागं काळंनिळं धरतं. विजा कुठं पडताहेत ते दाखवणाऱ्या दामिनी ॲपवर विजेच्या खुणा चाळीस किलोमीटरच्या वर्तुळातून वीसच्या वर्तुळात शिरतात. आई खालून ओरडते, “अरे, कुरडया घे आत, नुसता बघत काय बसलायस!” कुरडयांचं प्लास्टिक गुंडाळून जिन्यात आणेपर्यंत निम्म्या कुरडया मोडतात. वीज दिसली की आकडे मोजायचे. आवाज यायला जितके सेकंद लागले त्याला तीननं भागलं की किलोमीटर. आवाज तीस सेकंदांच्या आत यायला लागला की गच्ची सोडून जिन्याच्या दारात यायचं, हा आमच्या घरचा कायदा. नशिबानं त्या दारातूनही पूर्व दिसते. सत्तावीस, चोवीस, एकवीस. रस्त्यावर धुळीचा लोट उठतो, कुणाचा तरी पत्रा खडखडतो, लाईट जाते. लाईट गेली की खात्रीच पटते. आणि मग तो वारा येतो, गार, ओल्या मातीचा वास घेऊन. गल्लीतली माणसं दारात येतात. “आला, आला!”

खरं म्हणजे तो वास आला की समजावं, काम बिनसलं. हा वारा म्हणजे पावसाबरोबर ढगातून खाली आदळलेली थंड हवा. जमिनीवर आपटून ती चहूकडं पसरते आणि पावसाच्या कितीतरी पुढं धावते. माती भिजली हे खरं, पण ती आरग-बेडगची, आमची नव्हे. एकेका ढगाचं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं. ढगाला खालून गरम हवेचा पुरवठा असतो, तो त्याचाच हा थंड वारा तोडतो आणि ढग संपतो. नशीब असेल तर हाच वारा पुढच्या गरम हवेला उचलून नवा ढग उभा करतो, नेमका आपल्या डोक्यावर. नसेल तर पाच-सहा थेंब. थेंब म्हणावे तर रुपयाएवढे. कठड्यावरच्या धुळीत एकेक पडतो, त्याच्याभोवती धुळीचा बारीक बांध उठतो, मधे काळा ओला ठिपका, आणि तो कडेकडून आत फिका होत जातो. सहावा पडेपर्यंत पहिला वाळलेला असतो. पर्जन्यमापकात डोकावावं तर तळ नुसता ओलसर. पावसाचा दिवस म्हणून नोंद व्हायला २.५ मिलिमीटर लागतात. वहीत ‘लेशमात्र’ असं लिहायचं आणि लाईट यायची वाट बघत बसायचं. पाऊस आलेला नसला तरी लाईट मात्र पूर्ण पावसाची गेलेली असते.

अशा वेळी कुणाशी तरी बोलावंसं वाटतं आणि फोन नेमका नको त्या माणसाला लागतो. आमचे दाजी सावळजचे, द्राक्षबागायतदार. एप्रिलमध्ये त्यांच्या शेडवर जाळ्यांच्या थरांवर बेदाणा पसरलेला असतो. सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू वाळवायचा माल. त्याला ओल लागली की रंग जातो, काळा पडतो, सौद्यात भाव उतरतो.

“दाजी, तिकडं धरलंय का?”

“धरलंय म्हणून तर कागद बांधाय लागलोय. तुझ्याकडं?”

“नुसतं वारं. पडत न्हाई बघा.”

“मग देव पावला म्हण की.”

पाठीमागून ताईचा आवाज येतो, “पावसाची चौकशी करायची तर बेदाणा उतरल्यावर करत जा की रं!” बेदाणा उतरल्यावर मी तेही केलं. “आता तर चालंल न्हवं दाजी?” तर म्हणाले, आता खरड छाटणी झालीय, काडी तयार व्हायचीय, तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरायचा असतो, त्याला ऊन पाहिजे, आभाळ धरून चालत नाही. म्हणजे तासगाव तालुक्याच्या वर्षात माझ्या वादळाला कुठं जागाच नाही. त्यांच्याच बांधाला लागून एक ऊसवाले आहेत. ते म्हणतात रोज येऊ दे, रात्रीचा आला तर आणखी बरं.

हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेचं मोल असतं, फक्त ते दुसरेच कुणीतरी भरतात. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, आणि त्यात रानात काम करणारीच जास्त. हे माहीत आहे. तरी पुढच्या दिवशी तीन वाजले की मान वळते.

आणि जतचा मित्र. तो दिवसभर गप्प असतो आणि रात्री साडेआठला फोन करतो. “आमच्यात झोडपलं बघ. अर्धा तास. गारा!” पाठोपाठ व्हिडिओ येतो. पितळी भरून गारा, पोरं नाचताहेत, कुणीतरी एक गार तोंडात टाकून दात आवळलेत. जतला पाऊस पडलाच पाहिजे, तिथलं पाण्याचं दुःख आमच्या या असल्या दुःखापेक्षा फार जुनं आहे, हे मला कळतं. मी अंगठा पाठवला. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला नाही.

२०२५ ला तर भलतंच झालं. मोसमी पाऊस केरळात २४ मेला आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची आधीची नोंद नव्हती. इकडं रोहिणी लागतात न लागतात तोच आभाळ करडं, दिवसभर झिमझिम, गडगडाटाचं नाव नाही. आदल्या पंधरवड्यात वळवाचे जे चार हात झाले तेवढेच. कूलर माळ्यावर गेले. भेटेल तो म्हणायचा, “घ्या, पाऊस पाऊस करत होता न्हवं?” त्यांना काय सांगणार! भुकेल्याला जेवायला मिळालं की तक्रार करायची नसते, पण मी भुकेला नव्हतोच.

एरवी हंगाम संपल्याची खूण वेगळी असते. मे सरता सरता एका सकाळी पश्चिमेकडून खालच्या थरातले फाटके ढग घाईघाईनं पूर्वेला पळताना दिसतात. ते पळायला लागले की पूर्वेकडं बघण्यात अर्थ उरत नाही. मग एकदम ऑक्टोबर. परतीचा पाऊस पुन्हा दुपारनंतर येतो, पुन्हा गडगडाट, पुन्हा उंच ढग. पण तोवर दाजींची फळछाटणी झालेली असते, बाग फुलोऱ्याला आलेली असते, आणि तेव्हाचा पाऊस म्हणजे द्राक्षावर दावण्या रोग आणि घडकूज. तेव्हा फोन कुणाला करायचा हा प्रश्न होताच. ऊसवाल्यांचा नंबर घेऊन ठेवलाय.