बाणगंगेच्या पायरीवर
आज आत्याला मुंबई दाखवायला निघाले. सकाळी फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ सालचं. या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून ते चर्चगेट! रोज तिथे उतरते मी, पण कळलं आज. सीएसएमटी बाहेरूनच पाहिलं, ऊन फार होतं.

मग वाळकेश्वर. बाणगंगेच्या दगडी पायऱ्या उतरताना आत्याने चपला हातात घेतल्या. ११२७ सालचा, शिलाहारांच्या काळातला हा तलाव. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. "लक्ष्मणाने बाण मारला ना रामासाठी," म्हणत तिने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. पलीकडे बदकं पोहत होती. मध्येच प्लास्टिकची पिशवी तरंगताना दिसली, जीव तुटला. तरी तासभर आम्ही दोघी तिथून हललो नाही.