कार्बन फोर्कचा हेडसेट ढिला झाला, तेव्हा

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवली की हँडलखालून टकटक असा आवाज येत होता. पण आवाज आला म्हणजे दोष हेडसेटचाच, म्हणजे हँडल फिरू देणाऱ्या बेअरिंगच्या संचाचाच, असे नाही. ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) किंचित हलत असले, कॅलिपरचे बोल्ट सैल असले किंवा पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी) प्ले, म्हणजे ढिली हालचाल, असला, तरी असाच आवाज येतो. म्हणून आधी ब्रेक सोडून चाक रिमला धरून आडवे हलवले. हब ठीक होता. मग हँडल काटकोनात वळवून ब्रेक दाबला आणि हेडट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) व हेडसेटचे वरचे झाकण यांच्या सांध्यावर बोट ठेवून सायकल पुन्हा हलवली. झाकण आणि फ्रेम यांच्यातली हालचाल बोटाला स्पष्ट लागली, तेव्हा रोग हेडसेटमध्येच आहे हे नक्की झाले.

इथे बहुतेक जण टॉप कॅपचा, म्हणजे सगळ्यात वरच्या टोपीचा, बोल्ट पिळतात. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट घट्ट असताना तो पिळून काहीही होत नाही, कारण स्टेमने स्टिअरर ट्यूब, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची वर जाणारी नळी, आधीच जखडलेली असते. टॉप कॅपचे काम एवढेच, की स्टेम मोकळा असताना फोर्क वर ओढून बेअरिंगवर योग्य दाब आणायचा. तो दाब टिकवून धरतो स्टेम.

म्हणून बाजूचे दोन्ही बोल्ट सैल केले आणि टॉप कॅप थोडी थोडी आवळली. प्ले जाईना, बोल्ट मात्र फिरतच राहिला. कार्बन फायबरच्या फोर्कच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: नळीतला एक्सपान्डर प्लग वर सरकतो आहे. धातूच्या स्टिअररमध्ये स्टार नट ठोकतात, त्याचे दात नळीच्या भिंतीत रुततात. कार्बनच्या नळीत तो कधीही ठोकू नये, दात तंतू कापतात. त्यामुळे कार्बनमध्ये फुगणारा प्लग असतो आणि तो निव्वळ घर्षणावर टिकतो. घर्षण कमी पडले की टॉप कॅप फोर्कऐवजी प्लगलाच वर खेचते. कॅप काढून पाहिली, तर प्लगची कड नळीच्या काठापासून वर उचललेली होती.

प्लग बाहेर काढला. नळीच्या आत ग्रीसचा पातळ थर होता. बेअरिंगला ग्रीस हवेच, पण प्लगच्या जागी ते शत्रू आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने नळी आतून आणि प्लग बाहेरून पुसला, कापड कोरे निघेपर्यंत. मग प्लगवर कार्बन पेस्टचा पातळ हात दिला. या पेस्टमधले बारीक कण पकड वाढवतात, त्यामुळे कमी टॉर्कवरही (पिळण्याच्या कमी जोरावरही) प्लग घसरत नाही.

सगळे उघडलेच होते, म्हणून स्टेम आणि स्पेसर (नळीवर उंची भरून काढणाऱ्या कड्या) काढून फोर्क खाली उतरवला. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून कॅलिपर आधी सोडवून ठेवला. स्टिअरर उजेडात सावकाश फिरवून पाहणे हा माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. स्टेमच्या खालच्या कडेशी आणि फोर्कच्या खांद्यापाशी नीट पाहावे. आडवी रेष, पांढरट चट्टा, सुटलेला तंतू किंवा नखाला अडकणारी खाच दिसली, तर तो फोर्क पुन्हा बसवायचा नाही. वरवरचा रंगाचा ओरखडा वेगळा, पण शंका असेल तर जाणकाराला दाखवावे.

बेअरिंग बोटावर फिरवले, खरखर नव्हती. खरखर असेल तर नवे घालावे, आणि घेताना जुन्यावर लिहिलेले, कडांच्या उताराचे अंश वाचावेत. 36×45 आणि 45×45 दिसायला सारखेच असतात, पण चुकीचे घातले तर शंकूची बैठक जमत नाही आणि प्ले जातच नाही. वरच्या बेअरिंगवरची, मुद्दाम एका जागी चीर ठेवलेली कॉम्प्रेशन रिंग निमुळती बाजू खाली करून बसवली. ही रिंग उलटी बसली किंवा राहून गेली, तर हेडसेट कितीही आवळा, डगमगतोच.

जोडताना दोन फटी पाहायच्या. वरचे झाकण फ्रेमला टेकता कामा नये. टेकले तर दाब बेअरिंगवर न जाता फ्रेमवर जातो. तसे असेल तर कॉम्प्रेशन रिंग आणि झाकण यांच्यामध्ये 0.25 मिमीचा पातळ स्पेसर घालावा. दुसरी फट सगळ्यात वर: स्टिअररचा काठ वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या काठापेक्षा सुमारे 3 मिमी खाली हवा. नाहीतर कॅप नळीवरच टेकते. कार्बनसाठी स्टेमच्या वर 5 मिमीचा एक स्पेसर ठेवणे मला जास्त पटते. त्यामुळे स्टेमच्या पूर्ण उंचीला आतून नळीचा आधार मिळतो. प्लगसुद्धा स्टेम जिथे आवळतो त्याच उंचीवर यायला हवा, कारण भिंत आत दबू न देणे हेही त्याचे काम आहे.

प्लग त्यावर लिहिलेल्या टॉर्कला आवळला. मग कॅप, बोल्टच्या फेऱ्याचा आठवा हिस्सा एका वेळी. ब्रेक दाबून प्ले संपला की थांबायचे. पुढचे चाक उचलल्यावर हँडल आपसूक बाजूला पडले पाहिजे. अडत असेल तर दाब जास्त झाला. स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करून 5 न्यूटन-मीटरपर्यंत नेले. स्टेमवरची मर्यादा आणि फोर्कवरची मर्यादा वेगळी असेल, तर लहान आकडा पाळावा. हे काम टॉर्क रेंचशिवाय करू नये. जास्त आवळल्याने पडलेली चीर स्टेमखाली झाकलेली राहते.

पहिल्या लांब फेरीनंतर ब्रेक दाबून पुन्हा तपासायचे. थोडा प्ले आला तर बेअरिंग बसले एवढेच, पुन्हा दाब द्यावा. पण प्लग जागचा हललेला नसतानाही प्ले परत परत येत असेल, तर फ्रेममधली बेअरिंगची बैठक किंवा फोर्कच्या खांद्यावरची रेस (बेअरिंग टेकते ती कडी) झिजली आहे, आणि ते पिळून बरे होणारे दुखणे नाही.