दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

१२ जुलै २०२५, शनिवार

लेकीचा नवोदयचा, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भरला एकदाचा. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा दाखला, आधार, फोटो, आमची सही, तिची सही. तिची सही हा वेगळाच प्रकार झाला. पाचवीतल्या पोरीला सही कुठून येणार? घरी वहीची दोन पानं भरून तिनं सही ठरवली आणि केंद्रावर जाऊन भलतीच केली. केंद्रवाला म्हणाला, आता परीक्षेलाही हीच करायची बरं का. तेव्हापासून दिवसातून चारदा सही करून बघते. (इथे तिला चिमी म्हणते. शाळेतलं नाव वेगळं आहे.)

जिल्ह्यात एकच नवोदय, आमच्याच पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला. सहावीच्या जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के खेड्यातल्या पोरांना, एकूण जागांपैकी तिसरा हिस्सा मुलींना. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं तर पुढच्या वर्षी बघू, असं नाही. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून काही मुलांना दरमहा थोडा निधी पडतो, तोही मुलींना माफ. गुरुजींनी पालकसभेत हे सगळं सांगितलं. राज्यातलं पहिलं नवोदय १९८५-८६ साली अमरावतीला निघालं, तेव्हा देशात दोनच होती, दुसरं हरियाणात झज्जरला, हेही सांगितलं. बायका गप्प ऐकत होत्या. एकीनं विचारलं, पोर आजारी पडली तर?

शेजारच्या आळीतला मुलगा जूनपासूनच तालुक्याला निवासी क्लासला गेला आहे. आपल्याकडे तेवढे पैसे नाहीत, हे खरं. पण पैसे असते तरी पाठवलं नसतं. परीक्षा पास होऊन घराबाहेर जायचंच आहे, तर परीक्षेसाठी आधीच कशाला घालवायची? ह्यांची सुप्याला एमआयडीसीत पाळी असते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे शिकवायचं मीच. बारावी झालेली, शिवणकाम करणारी मी.

२४ ऑगस्ट, रविवार

गौरी आठ दिवसांवर आल्यात. अकरा ब्लाउज बाकी आहेत. त्यातच चिमीचा अभ्यास.

या परीक्षेत निम्मे गुण नुसत्या आकृत्यांना. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्तेत अक्षरं, आकडे, नातीगोती असतात, गुरुजी ते छान घेतात. इथे मात्र नुसती चित्रं. गटात न बसणारी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अर्धवट नक्षी पुरी करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, दडलेली आकृती. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. पहिल्या दिवशी गाइड उघडलं तेव्हा मला घाम फुटला. पानभर नुसते चौकोन, बाण आणि ठिपके. यात शिकवायचं काय असतं?

आठवडाभर ती चुकत राहिली, मी ओरडत राहिले. काल मात्र वेगळंच झालं. आरशातल्या प्रतिमेत सारखी गल्लत करत होती. मी खणाचं कापड बेतत बसले होते. वैतागून म्हटलं, "इकडे ये. ही उजवी बाही. आता मला डावी आखून दे." तिनं तीच बाही शेजारी तशीच्या तशी आखली. म्हटलं, "आता ही शिवली तर काय होईल?" तिनं दोन्ही हात पुढे केले, बघितलं आणि खदखदून हसली. "दोन्ही बाह्या एकाच हाताच्या!"

शिवण शिकायला लागले तेव्हा मी अगदी हीच चूक केली होती. काठापदराच्या कापडाला उलटसुलट असतं, एकेरी कापलं की दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या होतात. गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं. ते भरून द्यायला महिनाभर फुकट शिवलं. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, चिमीला सांगितली. मग घडीचा कागद घेतला. कापड दुहेरी घालून एकदा कापलं तर उघडल्यावर दोन भाग निघतात, चौपदरी घातलं तर चार, आणि कात्री बंद बाजूला लागली तर दोन तुकड्यांचा एकच मोठा तुकडा. हे मला झोपेतही कळतं. वीस वर्षं मी हेच करत आले, पण त्याला बुद्धिमत्ता चाचणी म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं!

आज आरशाच्या चारही प्रश्नांची उत्तरं बरोबर. दडलेल्या आकृतीत तर ती माझ्या पुढे गेली.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबायला तयार नाही. दिवसभर लाईट नाही. मशीन पायाचं आहे म्हणून काम चालू आहे. खिडकीशी बसवून तिच्याकडून उतारे करून घेतले.

उताऱ्यांचं मला कधीच टेन्शन नव्हतं. मराठी आपलीच, पोरीला वाचायची आवड. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, तीस मिनिटं. हे गुण घरातच आहेत असं धरून चालले होते. आज मोबाइलवर वेळ लावली तर तीस मिनिटांत दोनच उतारे झाले.

दुसऱ्या उताऱ्यात एक शेतकरी कर्जापायी बैल बाजारात विकतो. प्रश्न साधे होते. बैल का विकला, अमुक शब्दाचा विरुद्धार्थी शब्द सांगा, उताऱ्याला शीर्षक द्या. पाचही तिनं बरोबर सोडवले. पण पेन हातात धरून बराच वेळ नुसती बसून राहिली. म्हटलं, "काय झालं?"

"आई, नवीन मालकानं त्याचं नाव बदललं असेल का?"

"कुणाचं?"

"बैलाचं. बदललं तर त्याला कळणार कसं, आपल्याला हाक मारली म्हणून?"

मी म्हटलं, "ते उताऱ्यात नाही. जे नाही ते विचारत नाहीत. पुढं चल."

ती गेली पुढं. मी शिवणीला लागले आणि दोरा तीनदा तुटला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गणित. मी घातलेलं: एका ब्लाउजला ८० सेंटिमीटर अस्तर लागतं, तर १२ मीटरमध्ये किती ब्लाउजची अस्तरं निघतील? म्हटलं, दशांशही होईल आणि ओळखीचंही वाटेल.

तिनं चौदा लिहिलं.

"अगं, भागाकार कर. बाराशे भागिले ऐंशी."

"पंधरा येतात. पण तुला कधी पंधरा निघतात का? तूच म्हणतीस, दुकानदार कापड तिरपं फाडतो."

खरंय. बारा मीटरात पंधरा मला कधीच निघाले नाहीत. तरीही तिच्या वहीत चौदावर काट मारली आणि पंधरा लिहायला लावलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

माहेराहून परत येताना ह्यांनी मुद्दाम टाकळी ढोकेश्वरवरून गाडी काढली. नवोदयच्या फाटकापाशी थांबलो. सुट्टीमुळे आत सामसूम होती. चिमी फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. काही विचारलं नाही, हेच मला जड गेलं. मग ढोकेश्वराच्या लेण्यात गेलो, तिथं मात्र प्रश्नांचा पाऊस. हे डोंगरात आतून कोरलं की बाहेरून? दगड चुकून फुटला तर काय करायचे? तिचे पप्पा म्हणाले, "कामावरून काढायचे." तिला पटलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला. "दहा वर्षांची पोर. वेणी स्वतःची घालता येत नाही अजून. कशाला धाडता?" मी गप्प. ह्यांनी सांगून टाकलं, की नववीत तर काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हे मला माहीत होतं, पण त्यांना सांगितलं नव्हतं. रात्री चिमीला वेणी घालायला शिकवली. तिला आरसा नको होता. म्हणाली, आरशात उलटं दिसतं, गोंधळ होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता रोज पहाटे पाचला उठतो. चहा, मग एक पूर्ण पेपर. लग्नसराई सुरू झाली आहे, नवरीचे ब्लाउज, आरीवर्कवाले, म्हणजे मला रात्री बारा वाजतात आणि पाचला पुन्हा उठायचं. तक्रार नाही. पहाटेच्या त्या दोन तासांत घरात आम्ही दोघीच जाग्या असतो.

ओएमआरचा, म्हणजे उत्तरांचे गोल भरायच्या कागदाचा, सराव निराळा. निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं गोल भरायचा, पेन्सिल चालत नाही. भरला की भरला, खोडायचं नाही. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं. तिचं म्हणणं, "माहीत नसताना भरायचं म्हणजे खोटं बोलणंच ना?" गुरुजींनी समजावलं तेव्हा तयार झाली. माझं ऐकलं नव्हतं.

गुरुवारी पेपर तपासताना गाइडचं मागचं पान उलटलं गेलं. बैलाच्या उताऱ्याखाली बारीक अक्षरात पेन्सिलीनं चार ओळी. नवीन मालकानं नाव बदललं, बैल आठ दिवस हाकेला आला नाही, मग मालकाची मुलगी बाजारात जाऊन जुनं नाव विचारून आली. पुढच्या उताऱ्याखालीही काही ओळी, त्याच्या पुढच्याही. एकेका उताऱ्याला पंधरा मिनिटं का लागतात ते कळलं.

रागावले मी. खोटं कशाला लिहू. एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं आणि ही बाई बैलाचं बारसं करत बसली. "हे सगळं परीक्षेनंतर," म्हणाले आणि तिच्यादेखत खोडरबरानं पुसलं. ती बघत होती, रडली नाही. पुसताना कागद थोडा फाटला.

त्यानंतरच्या तिन्ही पेपरांत उतारे अठ्ठावीस मिनिटांत झाले. मला हवं होतं तेच. आता वाचताना तिचे ओठ हलत नाहीत. आधी प्रश्न वाचते, मग उताऱ्यात उत्तर हुडकते, जशी दडलेली आकृती हुडकते तशी. हे मीच शिकवलं. गुरुजी म्हणाले, "चांगलं वळण लागलंय." लागलंय खरं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रवेशपत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली. मी सांगितलेला क्रम: आधी आकृत्या, साठ मिनिटं. मग गणित, तीस. शेवटी उतारे, तीस. तिच्याकडून तीनदा वदवून घेतला. सही करून बघ म्हटलं. पहिल्या झटक्यात तीच आली.

सासूबाईंनी दही-साखरेसाठी दही आत्ताच विरजून ठेवलं आहे. ह्यांना रात्रपाळी. सकाळी परस्पर केंद्रावर येतो म्हणाले.

१३ डिसेंबर, शनिवार

साडेअकराचा पेपर. केंद्राबाहेर पालकांची जत्रा. आत जाताना चिमीनं मागं वळून पाहिलं नाही. ह्यांनी रात्रपाळीच्या कपड्यांतच भिंतीला टेकून डुलकी घेतली. मी शेजारच्या बाईशी बोलत बसले. ती पहाटे घर सोडून आलेली. तिला पेपराचं काहीच माहीत नव्हतं, तिच्या पोराला गुरुजींनीच शिकवलेलं. तिचं एकच म्हणणं, पोटभर जेवून गेलाय.

दीडला सुटली. चेहऱ्यावरून काही कळेना. ठरवलं होतं, विचारायचं नाही. गाडीपाशी पोचेपर्यंत राहवलं नाही. "वेळ पुरला?"

"उतारे आधी केले."

माझ्या पोटात गोळा आला. "का गं? क्रम ठरला होता ना?"

"मला आधी वाचायचं होतं. घाईघाईत नाही, नीट. मग गणित केलं. मग चित्रं. शेवटच्या पाच-सहा चित्रांना वेळ नव्हता, मी नुसते गोल भरले. गुरुजी म्हणाले होते भरायला."

ज्या आकृत्यांसाठी मी वीस वर्षांचं बेतणं तिच्यापुढे मांडलं, त्याच सोडल्या हिनं. पाच-सहा प्रश्न म्हणजे सहा-सात गुण. ८० जागांत तेवढ्यानं काय होतं ते मला माहीत आहे, ह्यांनाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, भेळ खायची का. स्टँडजवळ भेळ खाल्ली. तिनं कांदा जास्त मागितला.

घरी येईपर्यंत गाडीवर माझ्या पुढ्यात बसून बोलत होती. उतारे कसे होते, कुठला आवडला, कुठल्यात शेवटी काय झालं ते लिहिलंच नव्हतं. वाऱ्यानं निम्मं मला ऐकूच आलं नाही. मी हूं हूं करत राहिले.

१४ डिसेंबर, रविवार

पाचला जाग आली. उठायचं काही कारण नव्हतं. एकटीचाच चहा टाकला. नवरीचा ब्लाउज उद्या द्यायचा आहे. अस्तर दुहेरी घालून खडूनं आखलं, कात्री उघड्या बाजूनं घातली.

सहाच्या सुमाराला चिमी डोळे चोळत आली, म्हणाली, "मला उठवलं का नाहीस?"

"आज कशाला?"

ती गाइड घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि फाटलेलं पान शोधू लागली. पेन्सिल कुठे ठेवलीस म्हणाली. मी मशीनच्या खणातून काढून दिली.