निजलेलं पाणी

दिवाळीनंतर सुटीवर गावी आलो होतो. पहाटे काकांबरोबर जाळं काढायला डोंग्यातून निघालो. कोलू पाटलाचा हा नवेगाव बांधचा तलाव थंडीत असा निपचित पडतो, की जाळ्याची बांबूची खुंटी कुठं संपते आणि तिचं प्रतिबिंब कुठं सुरू होतं, ते समजत नाही.

"काका, अशाच पाण्यानं फ्लोरिडात माझा घाम काढला होता," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं.

मी वैमानिक आहे. पाण्यावर उतरण्याचा परवाना हवा होता, म्हणून तिथं सीबी नावाचं जुनं विमान शिकलो. जमिनीवरही उतरतं, पाण्यावरही. १९४६-४७ मध्ये रिपब्लिक कंपनीनं अशी हजारावर विमानं बनवली. पोट होडीचं, इंजिन केबिनच्या मागे उंचावर आणि पंखा शेपटीच्या दिशेला. इंजिन असं उंच असल्यानं जोर वाढवला की नाक खाली झुकतं, कमी केला की वर येतं. माझ्या हातांना याच्या उलट सवय. ती मोडायला बरेच तास गेले. पाण्यात ब्रेकही नाही. इंजिन सुरू झालं की विमान निघालंच.

सगळ्यात मोठी भीती चाकांची. ती हातपंपानं वर-खाली करायची. चाकं वर असताना धावपट्टीवर उतरलात तर पोट घासून निघेल, माणसं बहुधा वाचतील. पण चाकं खाली असताना पाण्यावर टेकलात, तर विमान तोंडावर आपटून उलटतं आणि आतली माणसं पाण्याखाली उलटी, पट्ट्यांत अडकलेली. म्हणून दर वेळी खिडकीतून चाक डोळ्यांनी पाहायचं आणि मोठ्यानं बोलायचं. मी मराठीतच बोलायचो: "पाणी आहे, चाकं वर." शेजारी बसलेल्या गुरुजींना पाठ झालं होतं ते.

त्या दिवशी वारा साफ पडला. तळ्यात ढग उतरले होते, वर आभाळ आणि खालीही आभाळच. चाकं पाहिली, बोललो, खाली आलो. आता पाणी आलंच, असं वाटून मी नाक उचलू लागलो. पाणी अजून बरंच खाली होतं. वेग गळाला, विमान जड झालं, तसं गुरुजींनी नाक सावरत इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि आम्ही पुन्हा वर गेलो. एवढ्या उंचीवरून विमान धप्पकन पडलं असतं, तर त्या जुन्या पत्र्याचं काय झालं असतं?

"पाण्याकडे बघूच नकोस," ते म्हणाले. "काठाच्या गवताला धरून चल."

दुसऱ्या खेपेला गवताच्या कडेनं आलो. इंजिनाला थोडा जोर ठेवला, नाक किंचित वर, मिनिटाला साधारण दीडशे फूट उतरण. आणि मग हात हलवायचा नाही. हेच सगळ्यात कठीण. काहीतरी करावं म्हणून बोटं शिवशिवतात, नजर सारखी खाली ओढली जाते. डावीकडून गवत सरकत होतं, मी श्वास धरून बसलो होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पोटाखाली खर्रर्र झालं, दोन्ही बाजूंना पाणी उडालं, आणि तेव्हाच मला पाणी दिसलं.

काका वल्हं मांडीवर ठेवून ऐकत होते.

"पैसे देऊन शिकलास का हे?"

"हो काका. डॉलरमध्ये."

"अरे बापू, पानी निजलं का नजर खोटं सांगते. मंग काठ धराचा. तुह्या आज्यानं मले हेच सांगतलं होतं."

लहानपणी याच डोंग्यात त्यांच्या पायांशी बसून मी कितीदा तरी गेलो होतो. काका अशा पहाटे नेहमी काठच्या देवनळ गवताच्या कडेनंच डोंगा नेत. का, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी जाळं ओढायला घेतलं. पलीकडच्या टेकडीकडून वाऱ्याची बारीक झुळूक आली आणि खुंटीचं प्रतिबिंब मोडलं.

"जागलं," काका म्हणाले, आणि डोंगा खोल पाण्याकडे वळवला.