आधी शपथा, मग चौथीचा वर्ग

दारू किती वेळा सोडली ते मला मोजून सांगता येणार नाही. आईच्या पायावर हात ठेवून सोडली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, एकदा पंढरपूरला जाऊन माळ घातली, ती साडेचार महिने टिकली आणि ज्या संध्याकाळी मोडलं त्या संध्याकाळी आधी माळ काढून देवघरात ठेवली आणि मग खाली उतरलो. बायकोला देवघरात माळ दिसली. ती काही बोलली नाही, दिवा लावला आणि आत गेली, ते अजून डोळ्यासमोर येतं.

आणि दर श्रावणात बंद. पूर्ण महिना एक थेंब नाही, आणि तेच मी सगळ्यांना पुरावा म्हणून द्यायचो की बघा, मी ठरवलं की सोडू शकतो, मी काय बेवडा आहे का. पण श्रावण संपायला किती दिवस राहिले ते मी रोज कालनिर्णयवर बघायचो हे कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी एकदा रागाच्या भरात घरीच एका झटक्यात बंद केली. तिसऱ्या दिवशी फिट आली, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने मनाने एकदम बंद करू नये, जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टरकडे जा, ते औषधं देऊन नीट उतरवतात.

तिथेच वॉर्डमध्ये दोन माणसं भेटायला आली. मला वाटलं आता लेक्चर. पण ते माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत, स्वतःचंच सांगत बसले, कुठे पडले, नोकरी कशी गेली, पहिला दिवस कसा काढला. नंतर कळलं की ही पद्धत १९३५ पासूनची आहे, अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब नावाचा सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले आणि मग असेच हॉस्पिटलमध्ये तिसऱ्याला शोधायला गेले. त्यातूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए उभं राहिलं. जाताना त्या दोघांनी एका कागदावर, एएची मीटिंग जिथे भरते त्या शाळेचा पत्ता आणि वार लिहून दिला.

तो कागद पाकिटात दोन महिने पडून होता. दोनदा शाळेच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो, डोंबिवलीत ओळखीचं कोणी ना कोणी दिसतंच आणि आपल्याला आत जाताना बघितलं तर काय, एवढीच भीती. गंमत म्हणजे बारमध्ये शिरताना ही भीती कधी वाटली नव्हती. तिसऱ्या वेळी बायको रिक्षाने गेटपर्यंत आली आणि म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी इथे बसते.

चौथीचा वर्ग. भिंतीवर सतराचा पाढा, बाक इतके छोटे की गुडघे वर अडकत होते. पंधरा-सोळा माणसं, त्यात एक बँकेतले, एक रिक्षावाला, एक माझ्या मुलीच्या वयाचा पोरगा. चहा आला तेव्हा माझे हात थरथरत होते. शेजारच्या काकांनी बाकीच्यांना कप भरून दिले आणि मला अर्धाच दिला, माझ्याकडे बघितलं पण नाही. हिंदकळू नये म्हणून, हे मला दोन घोट प्यायल्यावर कळलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला माहीत आहे.

फॉर्म नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल तेवढं टाकायचं, पहिल्या दिवशी मला टाकू दिलं नाही. आणि मुख्य म्हणजे कोणीही शपथ घ्यायला लावली नाही. एवढंच म्हणाले की आज रात्री झोपेपर्यंत पहिला पेग टाळ, उद्याचं उद्या. मी आयुष्यभराच्या शपथा एकट्याने घेत होतो आणि एकट्यानेच मोडत होतो, आणि इथे फक्त रात्रीपर्यंतचं मागत होते आणि जमलं नाही तर करायला फोन नंबर देत होते. रात्री सव्वाअकराला मी खरंच फोन केला. काकांनी उचलला.

अकराव्या महिन्यात स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलो. परत गेलो तेव्हा खाली मान घालून बसलो होतो, कोणी का म्हणून विचारलं नाही, परत या एवढंच. त्याला आता तीन वर्षं झाली.

ज्यांना राहून उपचार हवेत त्यांच्यासाठी पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, आमच्यातले काही जण तिथून आलेत. आणि घरच्यांसाठी अल-अनॉन असतं, म्हणजे त्यांच्या अशाच वेगळ्या मीटिंगा, त्याबद्दल नक्की विचारा. बायको जाते. तिथे काय बोलते मी विचारत नाही, पण आता ती घरी माझ्यावर रागावते, आधी रागवायची पण नाही.

यंदा आषाढी अमावस्येला, म्हणजे लोकांच्या गटारीला, नेमकी मीटिंग होती. बायकोने घरातले सगळे दिवे चिंचेने घासून पुजले आणि कणकेचे गोड दिवे उकडले. त्यातले वीस डब्यात भरून दिले, वेगळी वाटी तुपाची. शाळेत पोचलो तर दोन नवीन माणसं गेटबाहेर उभी होती, मी डबा त्यांच्याच हातात दिला आणि म्हणालो जरा धरा, मी कुलूप उघडतो.